पंपाच्या अलीकडे, पंपाच्या पलीकडे

शाळेत माझ्या टेबलाच्या खणात खडू, डस्टर आणि हजेरीपटाबरोबर पितळेचा एक तुकडा पडलेला असतो. अंगठ्यापेक्षा थोडा जाड, बाहेरून षटकोनी, दोन्ही टोकांना आटे पाडलेले. एका टोकाने फुंकर मारली की हवा आरपार जाते. दुसऱ्या टोकाने कितीही जोर लावला, गाल फुगवले, तरी जात नाही. ऑफ तासाला मुलं तो हमखास मागून घेतात आणि आळीपाळीने फुंकून बघतात.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. यंत्राशी माझा संबंध पंख्याच्या बटणापलीकडे नाही. पण हा तुकडा माझ्या मरहूम अब्बांनी एका रात्रीत बनवला आणि ती रात्र मी डोळ्यांनी पाहिली. डिझेलच्या ट्रकला लागणारा तो एक व्हॉल्व्ह आहे. गॅरेजमध्ये त्याला सगळे 'वाल' म्हणत, आणि अम्मी हसून म्हणायची, "माझे वाल रात्रभर भिजतात, तुमचे रात्रभर जागवतात."

आपल्या समाजातली कितीतरी मुलं गॅरेजमध्ये, पंपाच्या वर्कशॉपमध्ये, ट्रकवर काम करतात. त्यांच्या आया-बहिणी डिझेलने माखलेले कपडे धुतात, पण तो मुलगा दिवसभर नक्की कशात हात घालतो हे घरात फारसं कुणाला ठाऊक नसतं. मलाही नव्हतं. गेल्या वर्षी एका फोनमुळे कळलं की ते ठाऊक असणं किती गरजेचं आहे. त्या फोनकडे शेवटी येते. आधी ती रात्र.

द्राक्षांचा ट्रक

पुणे-बंगळूर रस्त्यावर कराडच्या अलीकडे अब्बांचं छोटं गॅरेज होतं. पुढे पत्र्याची शेड, मागे दोन खोल्यांचं आमचं घर. मी सातवीत होते. मार्च महिना, इशाची नमाज होऊन गेलेली. तासगावकडून द्राक्षं भरून मुंबईला निघालेला एक टाटाचा ट्रक धक्के खात शेडसमोर येऊन थांबला. गाडी चालू व्हायची, पाच-दहा मिनिटं चालायची आणि दम लागल्यासारखी बंद पडायची.

ड्रायव्हरदादा घाबरलेले होते. "उस्ताद, सकाळचा बाजार गेला तर गेला. पण उद्या दिवसभर उन्हात उभा राहिलो तर पेट्या गळायला लागतील. मालकाला काय सांगू?"

अब्बांनी टाकीत काठी घालून डिझेल पाहिलं. अर्धी टाकी भरलेली होती. टाकीपासूनच्या नळीवरून हात फिरवला. कुठे ओल नव्हती. जाळी काढून पाहिली, साफ होती. मग त्यांनी इंजिनाजवळचा हातपंप दाबला आणि मला म्हणाले, "तू दाबून बघ." मी दाबला. सैल लागला. खाली काही ओढलं जातंय असं वाटतच नव्हतं.

"आपला चौकातला हापसा आठवतो? वायसर गेल्यावर कसा व्हायचा?" त्यांनी विचारलं.

तो हापसा गावातल्या सगळ्या मुलींना पाठ होता. आतलं चामड्याचं वायसर झिजलं की दांडा कितीही हलवा, पाणी अर्ध्यावर यायचं आणि परत खाली जायचं. तसंच हे. टाकी खाली, इंजिन वर. मधला छोटा पंप, ज्याला फीड पंप म्हणतात, डिझेल ओढून घेतो. त्याच्या आत दोन छोटे व्हॉल्व्ह असतात. एक डिझेल आत घेतो, दुसरा पुढे सोडतो, आणि दोन्ही त्याला मागे जाऊ देत नाहीत. अब्बांनी त्या पंपाचं टोपण उघडलं. आत घेणाऱ्या व्हॉल्व्हची चकती चिरलेली होती आणि स्प्रिंग दोन तुकडे होऊन पडली होती.

वस्तू दहा-वीस रुपयांची. पण रात्री नऊनंतर ती द्यायला कुठलंही दुकान उघडं नव्हतं.

डिझेलचा रस्ता

पुढचं समजायला डिझेलचा रस्ता माहीत हवा. अब्बांनी तो मला शेडच्या फरशीवर खडूने काढून दाखवला होता, तसाच सांगते.

टाकीतून डिझेल फीड पंपात येतं, तिथून फिल्टरमध्ये, फिल्टरमधून मोठ्या पंपात. या सगळ्या वाटेवर दाब अगदी थोडा असतो, साधारण एक-दोन किलो. सायकलच्या ट्यूबमध्ये आपण याहून जास्त हवा भरतो. मोठ्या पंपाला लागेल तेवढं डिझेल तो घेतो आणि उरलेलं परतीच्या नळीने टाकीकडे जातं. त्या परतीच्या तोंडावर एक स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो. तो कुकरच्या शिट्टीचं काम करतो. ठरावीक दाब झाला की उचलायचा, जास्तीचं सोडायचं आणि पुन्हा बसायचं.

मोठ्या पंपाच्या पलीकडे मात्र सगळंच बदलतं. सहा सिलेंडरच्या इंजिनाला त्या पंपातून सहा जाड पोलादी नळ्या निघतात आणि प्रत्येक नळी एका नोझलला जाते. तिथला दाब जुन्या ट्रकमध्ये दोनशे किलोच्या आसपास असतो. किलो म्हणजे नखाएवढ्या, एका चौरस सेंटीमीटर जागेवर तेवढं वजन. मोटारगाडीच्या टायरमधल्या हवेच्या शंभरपट म्हणा. एवढा दाब असतो म्हणूनच नोझलच्या केसासारख्या भोकांतून डिझेलचं धुकं होऊन सिलेंडरमध्ये शिरतं आणि तापलेल्या हवेत ठिणगीशिवाय पेटतं.

अब्बांनी फरशीवर मोठ्या पंपापाशी खडूने एक आडवी रेघ मारली होती. "ही नदी समज. अलीकडे आपण पोहू शकतो. पलीकडे नाही."

तुटलेला व्हॉल्व्ह अलीकडचा होता. म्हणून त्यांनी लेथ सुरू केला.

पितळ, छर्रा आणि माझं बॉलपेन

त्यांनी पंपातला मोडका व्हॉल्व्ह पूर्ण काढून टाकला. तेच काम टाकीकडून येणाऱ्या नळीत बाहेरून बसवलेला व्हॉल्व्ह करू शकतो, असा त्यांचा हिशेब होता.

षटकोनी पितळी सळईचे दोन तुकडे कापले. एकाच्या आत आटे, दुसऱ्याच्या बाहेर आटे, म्हणजे दोन्ही एकमेकांत घट्ट फिरून बसतील. मधून आरपार भोक पाडलं. "भोक नळीपेक्षा बारीक झालं तर गाडी सपाटीवर चालेल आणि खंबाटकीच्या घाटात मरेल," ते म्हणाले. त्यांनी मधली पोकळी थोडी मोठी ठेवली, कारण तिथे बसणाऱ्या छर्‍याच्या कडेने डिझेलला वाट हवी होती.

छर्रा भंगारातल्या बेअरिंगमधून आला. बेअरिंगचा छर्रा म्हणजे आयता मिळालेला चोख गोल. आपल्या हाताने तितका गोल कुणी करू शकत नाही. पितळेत तो जिथे टेकणार, ती बैठक त्यांनी लेथवर थोडी तिरपी कापली. मग छर्रा बैठकीवर ठेवला, वर पितळी दांडी धरली आणि हातोडीचा एकच ठोका मारला. पितळ मऊ, छर्रा कडक. बैठकीवर छर्‍याच्या मापाचा गोल ठसा उमटला. आता दोघांत केसाएवढीही फट नव्हती. ठोका खाल्लेला छर्रा त्यांनी फेकून दिला आणि त्याच बेअरिंगमधला दुसरा, कोरा छर्रा घेतला.

राहिली स्प्रिंग. उभ्या नळीत छर्रा स्वतःच्या वजनाने बसतो, पण ट्रक खड्ड्यांतून जातो, तेव्हा त्याला वरून हलका हात हवा. स्प्रिंग कडक झाली तर फीड पंपाला ती उघडता येणार नाही, कारण ओढण्याची ताकद फार नसते. अब्बांनी डबा उपसला. सगळ्या स्प्रिंगा जाड. मग त्यांची नजर माझ्या वहीवर गेली. माझं नवं बॉलपेन त्यांनी उघडलं आणि त्यातली स्प्रिंग काढून घेतली. मी रडायच्या बेतात होते.

जोडावर ठेवायला तांब्याची वायसरं जुनीच होती, दबून कडक झालेली. अम्मीच्या स्टोव्हवर ती लाल केली आणि पाण्यात टाकली. पोलाद असं विझवलं की कडक होतं, तांबं मऊ होतं. मऊ झालेलं वायसर नव्यासारखं दबतं आणि जागा धरतं.

मग सफाई. दोन्ही तुकडे डिझेलमध्ये धुतले, ब्रश घातला, पुन्हा धुतले, उजेडात धरून पाहिले. पितळेची एक कीस जरी पुढे गेली तरी मोठ्या पंपाचा सत्यानाश होऊ शकतो. तसा त्यांचा व्हॉल्व्ह फिल्टरच्या आधी बसणार होता, त्यामुळे निसटलेली कीस फिल्टरमध्ये अडकली असती. पण ते म्हणाले, "फिल्टर आहे म्हणून घाण ठेवायची नसते."

परीक्षा साधी होती. व्हॉल्व्ह उभा धरून ज्या बाजूने डिझेल अडायला हवं, त्या बाजूने भरला आणि खाली कोरडं वर्तमानपत्र ठेवलं. आम्ही सगळ्यांनी चहा प्यायला. कागदावर एकही डाग पडला नाही. तेव्हा त्यांनी खिळ्याने पितळेवर एक बाण कोरला, डिझेल कुठून कुठे जाणार त्याचा. उलटा बसवला तर सगळी मेहनत वाया.

बसवल्यावर हवा काढायचं काम माझ्याकडे आलं. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारायचा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग धार. बुडबुडा एकही राहता कामा नये, कारण डिझेल दाबता येत नाही पण हवा दबते, आणि दबलेली हवा नोझल उघडू देत नाही. या वेळी हातपंप हाताला जड लागला. खालून डिझेल वर येत होतं आणि वरच थांबत होतं.

साडेबाराच्या सुमारास ट्रक सुरू झाला. अब्बांनी अर्धा तास तो तसाच चालू ठेवला. मग ड्रायव्हरदादांना म्हणाले, "हा पाहुणा आहे. घरचा समजू नका. माल उतरला की नवा फीड पंप टाका."

पंचाहत्तर रुपये घेतले. माझ्या बॉलपेनचे वेगळे पाच.

'पाहुणा' का म्हणाले

दीड महिन्याने तोच ट्रक पुन्हा थांबला. ड्रायव्हरदादांनी द्राक्षांची एक पेटी आणि फडक्यात गुंडाळलेला हा व्हॉल्व्ह अब्बांच्या हातात ठेवला. नवा पंप बसवला होता. "तुमची अमानत," ते म्हणाले. तेव्हापासून तो आमच्या घरी आहे.

व्हॉल्व्ह चालला, तरीही अब्बा त्याला कायमचा मानायला तयार नव्हते. कारणं त्यांनी मला नंतर सांगितली आणि ती आजही गॅरेजमधल्या मुलांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहेत.

पितळेत तांबं आणि जस्त असतं. या दोन धातूंच्या सहवासात डिझेल लवकर खराब होतं आणि चिकट गाळ धरतं. काही आठवडे चालून जातं, वर्षानुवर्षं नाही. जस्ताचा मुलामा दिलेला पाण्याचा पाइप तर डिझेलला वापरूच नये. साधं रबर, म्हणजे सायकलच्या ट्यूबचं कापलेलं वायसर, डिझेलमध्ये फुगतं आणि सुटून पुढे जातं. तिथे तेलाला टिकणारं नायट्राइल रबर लागतं. नळाला गुंडाळतात तो पांढरा टेफ्लॉनचा टेपही इथे नको. त्याचे दोरे सुटतात आणि बारीक भोकं बंद करतात. आणि परतीच्या व्हॉल्व्हची स्प्रिंग ताणून किंवा तिच्यामागे चकत्या घालून 'गाडीची ओढ वाढवणारे' उस्ताद रस्त्यावर भेटतात. कुकरच्या शिट्टीवर वजन ठेवून स्वयंपाक लवकर होतो का, हे कुठल्याही गृहिणीने त्यांना सांगावं.

नदीच्या पलीकडे

मी दहावीत असताना एक ट्रकमालक आले. त्यांच्या सहा गाड्या होत्या आणि सगळ्या अब्बांकडे यायच्या. एका गाडीतून काळा धूर येत होता, सकाळी चालू व्हायला त्रास होत होता. अब्बांनी सांगितलं, मोठ्या पंपातले डिलिव्हरी व्हॉल्व्ह धरत नाहीत, पंप काढून कराडला टेस्ट बेंचवर द्यावा लागेल.

मालक म्हणाले, "तुम्ही तर लेथवर वाल बनवता म्हणतात. हेही बनवा. नाहीतर पेस्ट लावून घासून द्या."

अब्बा नाही म्हणाले. मालकांनी दुप्पट मजुरी सांगितली. अब्बा पुन्हा नाही म्हणाले. त्या महिन्यापासून त्यांच्या सहाही गाड्या दुसरीकडे जायला लागल्या आणि आमच्या घरी दोन महिने उधारीचं रेशन आलं. मला राग आला होता. जो माणूस रात्री पेनाची स्प्रिंग काढून ट्रक चालवतो, तो दिवसाढवळ्या 'जमणार नाही' कसं म्हणतो?

तेव्हा त्यांनी एक जुना पंप उघडून मला दाखवला. आत करंगळीएवढा पोलादी दांडा, त्याच्या भोवती पोलादी नळी. गॅरेजमध्ये या जोडीला 'एलिमेंट' म्हणतात. दांडा डिझेलमध्ये बुडवून नळीत सोडला की तो मधात चमचा बुडावा तसा हळूहळू उतरतो. दोघांमधली फट दोन-चार मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले दोन-चार. आपल्या डोक्याचा केस सत्तरेक मायक्रॉनचा असतो. कारखान्यात हे दोन भाग एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात. एकाचा दांडा दुसऱ्याच्या नळीत चालत नाही.

त्याच्या डोक्यावर तो डिलिव्हरी व्हॉल्व्ह. दिसायला शेंगदाण्यापेक्षा जरा मोठा, पण त्याला दोन कामं असतात. डिझेल मागे येऊ द्यायचं नाही, हे झालं एक. दुसरं काम जास्त नाजूक. त्याच्या अंगावर एक बारीक पट्टा असतो. व्हॉल्व्ह बसताना तो पट्टा नळीतलं थेंबभर डिझेल मागे ओढून घेतो. त्यामुळे नळीतला दाब एकदम पडतो आणि पलीकडचं नोझल खटकन बंद होतं. हे झालं नाही तर नोझल ठिबकत राहतं. ठिबकलेलं डिझेल नीट जळत नाही. धूर होतो आणि नोझलच्या टोकावर काजळी धरते.

रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन १८९७ साली यशस्वी झालं, पण ते दाबलेल्या हवेने इंधन आत ढकलायचं आणि त्यासाठी अवजड यंत्रणा लागायची. ट्रकला सोसेल असा छोटा पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला जर्मनीतल्या बॉश कंपनीला १९२७ साल उजाडावं लागलं. आपल्याकडे बंगळूरला १९५१ मध्ये त्याच कंपनीच्या साथीने मायको सुरू झाली. १९५४ पासून टाटा-बेंझचे ट्रक जमशेदपूरहून रस्त्यावर आले आणि 'मायको' हे नाव मिस्त्रींच्या बोलण्यात असं बसलं की कंपनीचं नाव बदलून बॉश झाल्यालाही आता कितीतरी वर्षं झाली, तरी जुने लोक मायकोच म्हणतात.

"तीस वर्षं लोकांनी डोकं लावलं तेव्हा हे झालं," अब्बा म्हणाले. "माझ्या लेथवर मी केसाच्या जाडीपर्यंत जाईन. केसाचे वीस भाग माझ्या डोळ्याला दिसत नाहीत. जे दिसत नाही ते मी बनवलं असं सांगून पैसे कसे घेऊ?"

मग त्यांनी डावा हात पुढे केला. त्यांची डावी तर्जनी अर्धी होती. आम्ही लहानपणापासून ती तशीच पाहिली होती. लेथमध्ये गेली असेल, असं मी गृहीत धरलं होतं.

अर्ध्या बोटाची गोष्ट

ते एकोणीस वर्षांचे असताना दुसऱ्या एका उस्तादांकडे काम शिकत होते. एका ट्रकची नोझलला जाणारी पोलादी नळी चिरली. नवी मिळत नव्हती. अब्बांनी पितळेने झाळून ती चीर बुजवली. सगळ्यांनी वाहवा केली. गाडी चालू केली तर कुठेतरी पुन्हा डिझेल जात होतं, पण दिसत नव्हतं. धार इतकी बारीक होती की हवेतच धुकं होत होती. कुठून येतंय ते बघायला त्यांनी नळीवरून बोट फिरवलं.

मुंगी चावल्यासारखं झालं. रक्त आलं नाही. बोटाच्या टोकाला पांढरट ठिपका तेवढा दिसत होता. उस्तादांनी हळद-चुना लावला आणि ते पुन्हा कामाला लागले. संध्याकाळी बोट बधिर झालं. रात्री ठणका सुरू झाला. दुसऱ्या दिवशी तळहातापर्यंत सूज आली. तिसऱ्या दिवशी बोट काळंनिळं झालं आणि चौथ्या दिवशी दवाखान्यात दोन पेरं कापली.

दोनशे किलो दाबाची धार कातडीला जुमानत नाही. ती सुईसारखी आत शिरते आणि डिझेल बोटातल्या शिरांच्या खोबणीतून तळहाताकडे पसरतं. बाहेर टाचणीएवढं भोक, आत सगळं पोळल्यासारखं. सुरुवातीला दुखत नाही, हाच सगळ्यात मोठा धोका.

"माझं झाळण पलीकडचं होतं," अब्बा म्हणाले. "म्हणून मी त्या मालकाला नाही म्हणालो."

तो फोन

गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाचा फोन आला. वीस वर्षांचा आहे, ट्रकच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला. दुसऱ्याच कशासाठी तरी फोन केला होता आणि बोलता बोलता म्हणाला, "खाला, आज बोटाला डिझेलची जरा पिचकारी लागली. काही नाही, टाचणी टोचल्यासारखं झालं. शेठनी मलम लावलंय."

माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "पंपाच्या अलीकडे की पलीकडे?"

तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "पलीकडे."

आणि आताचं 'पलीकडे' अब्बांच्या काळासारखं राहिलेलं नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. या नव्या ट्रकमध्ये एका जाड सामायिक नळीत डिझेल कायम दाबून ठेवलेलं असतं आणि कॉम्प्युटर नोझल उघडतो-मिटतो. तिथला दाब सोळाशे किलोच्या वर जातो. इंजिन बंद केल्यावरही तो लगेच उतरत नाही.

मी त्याला तसाच निघायला सांगितलं आणि रिक्षा करून पोहोचले. पहिल्या दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन आणि गोळ्या देऊन 'उद्या या' म्हणाले. बोट चांगलं दिसत होतं, त्यांनाही ते साधंच वाटलं असावं. मी ऐकलं नाही. आम्ही मोठ्या रुग्णालयात गेलो. तिथे मी एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगितलं, "जास्त दाबाचं डिझेल कातडीच्या आत गेलंय." सर्जननी त्याच रात्री बोट उघडून धुतलं. ऑपरेशननंतर ते म्हणाले, आत डिझेलचा वास येत होता. बोट वाचलं. शेवटचं पेर अजून पूर्ण वाकत नाही.

ज्यांच्या घरात असा मुलगा आहे त्यांच्यासाठी लिहून ठेवते. डिझेल, ग्रीस, हायड्रॉलिक तेल किंवा रंगाचा फवारा, जास्त दाबाची कुठलीही धार कातडीत शिरली तर ती जखम छोटी समजू नये. चोळू नये, दाबून काढायचा प्रयत्न करू नये, घट्ट पट्टी बांधू नये. बोटात अंगठी असेल तर सूज येण्याआधी काढावी. हात वर धरावा. काही खायला-पियायला देऊ नये, कारण भूल द्यावी लागू शकते. सर्जन असलेल्या रुग्णालयात काही तासांच्या आत पोहोचावं आणि काय शिरलं ते स्पष्ट सांगावं. धनुर्वाताचं इंजेक्शन लागतंच, पण तेवढं पुरत नाही. आणि गळती शोधायची ती पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरून. हात, हातमोजा किंवा फडकं लावून नाही.

बाण

बरा झाल्यावर भाच्याने आयटीआयला प्रवेश घेतला. डिझेल मेकॅनिकचा दहावीनंतरचा एक वर्षाचा कोर्स आहे. आधी तो म्हणायचा, "हाताला काम येतं तर कागद कशाला?" आता सांगतो की वर्कशॉपमध्ये जे रोज करत होतो, ते का करायचं हे इथे कळतंय. दाबाचं गणित त्याला मी शिकवू शकत नाही. पण मराठीत लिहिलेलं त्याचं जर्नल तपासून देते.

मागच्या रमजान ईदला तो घरी आला तेव्हा मी खणातला व्हॉल्व्ह त्याच्यासाठी घेऊन आले होते. त्याने आधी फुंकून पाहिलं. मग दोन पान्यांनी उघडला. छर्रा तळहातावर घेतला, स्प्रिंग उजेडात धरली आणि हसला. "खाला, ही तर पेनाची आहे."

"माझ्या पेनाची," मी म्हणाले.

"नानांनी जागा बरोबर निवडली होती. फिल्टरच्या आधी, अलीकडच्या नळीत. बिघडला असता तर गाडी बंद पडली असती, बाकी काही नाही."

त्याने सगळं पुसून परत जोडलं. ते वाकत नसलेलं पेर जरा आडवं येत होतं. जोडून झाल्यावर त्याने पितळेवरचा, खिळ्याने कोरलेला तो बाण अंगठ्याने चाचपला आणि व्हॉल्व्ह माझ्या हातात दिला. मी तो त्यालाच ठेवायला सांगितला. तो नको म्हणाला, "शाळेतच असू दे. मुलं फुंकून बघतात ना, तेव्हा त्यांना नानांच्या बोटाचीही गोष्ट सांगत जा."

आता सांगते.